ईश्वरनिष्ठा आणि धर्माचा रकाना

शाळेचा दाखला घ्या, नोकरीचा अर्ज घ्या, किंवा खानेसुमारीचा तक्ता घ्या. नावाखाली धर्माचा रकाना बहुधा असतोच. बापाने जे लिहिले तेच मुलगा लिहितो, आणि त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे शंभरांत नव्याण्णवांस वाटत नाही. परंतु या रकान्यापाशी लेखणी थांबवून, "मी परमेश्वरास मानतो, त्याची प्रार्थनाही करतो, तथापि येथे छापलेल्या धर्मांपैकी एकाचाही मी अनुयायी नव्हे," असे म्हणणारा एखादा शंभरावा मनुष्य निघतो. त्याची अवस्था मोठी चमत्कारिक. सनातनी त्यास नास्तिक म्हणतात. नास्तिक त्यास अर्धवट म्हणतात. आणि खिडकीमागील कारकून, रकाना मोकळा चालणार नाही, असे बजावतो. पहिल्या दोघांशी वाद आजवर पुष्कळ झाला आहे. तिसऱ्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी लावला, तो मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असेल.

त्या प्रकरणातील अर्जदारांचे म्हणणे असे होते की, येशू ख्रिस्तावर आमची श्रद्धा आहे, पण ख्रिस्ती किंवा दुसरा कोणताही धर्म आम्ही मानीत नाही. सबब राजपत्रात आम्हांस कोणताही धर्म नाही अशी नोंद छापावी. सरकारी मुद्रणालयाने ती छापण्याचे नाकारले. न्यायालयाने ठरविले की, घटनेच्या २५व्या कलमाने दिलेल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात 'मला धर्म नाही' असे म्हणण्याचा हक्कही येतो, आणि कोणत्याही अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती सरकारास करता येणार नाही. अर्जदार नास्तिक नव्हते, ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. देव त्यांचा होता. पाटी तेवढी त्यांस नको होती.

याच सरकारी कागदाची पूर्वीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मबंधूंनी आपल्या विवाहांस कायद्याची मान्यता मागितली, तेव्हा १८७२ साली एक कायदा झाला. त्यान्वये वधूवरांस लिहून द्यावे लागे की, आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, आणि असे बरेच काही नाही. एकेश्वराचे नाव घेऊन संसारास आरंभ करू पाहणाऱ्याने आपण काय नव्हे याची यादी प्रथम वाचावी, असा हा मासला! १९२३ साली त्यात थोडी सूट मिळाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती यादी पार काढून टाकली.

तेव्हा सरकारचा अडसर आता फारसा उरला नाही. उरला आहे तो घरचा, आणि आमच्या मते तोच पूर्वीपासून खरा होता. मुंबईत १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेची हकीकत प्रसिद्ध आहे. सभासद सुशिक्षित, ईश्वर एक आणि जात खोटी हे तत्त्व त्यांनी स्वीकारलेले, नवागतास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पावही खावा लागे. पण हे सर्व दाराला कडी लावून! १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभेची दाणादाण उडाली. त्याच मंडळींपैकी काहींनी १८६७ साली प्रार्थनासमाज उघडपणे स्थापिला, ही त्यांची योग्यता. तथापि उपासनामंदिरात एक आणि माजघरात दुसरे, हा पेच तेथेही सुटला नाही. १८७३ साली, पहिली पत्नी वारल्यावर, न्यायमूर्ती रानडे यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. रानड्यांच्या थोरवीस उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही; एवढ्या मोठ्या माणसाची श्रद्धादेखील कोठे अडली, इतकेच दाखवावयाचे आहे. ती ग्रंथात अडली नाही, बोहल्यावर अडली.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापिला आणि वर्षअखेर भटजीवाचून विवाह लावून दाखविला. जोतीराव देव न मानणारे होते असा एक गैरसमज अद्याप चालू आहे. वस्तुतः निर्मिकावर त्यांची निष्ठा अढळ होती. त्यांचा कटाक्ष मधल्या मनुष्यावर होता. ते स्वतः कंत्राटदार होते, व्यवहार जाणणारे होते. आमच्या व्यापारी वाचकांस अडत्याचा उपयोग सांगावयास नको: त्यास भाव ठाऊक असतो, तो उधारी सांभाळतो, वेळेस जामीनही राहतो. पण लेकराने बापाशी बोलावयाचे तर अडत कोणी का द्यावी? ओतूर येथे अशा एका विवाहानंतर ग्रामजोश्यांनी, न केलेल्या कामाच्या दक्षिणेसाठी, फिर्याद ठोकली. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि जोश्यांस हार खावी लागली.

१८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापले गेले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकाने आपापला ग्रंथ वाचून आपापला मार्ग धरावा आणि सर्वांनी एका घरात प्रेमाने नांदावे. आज अशी चार माणसे एका छपराखाली नांदताना किती शेजाऱ्यांस पाहवतील? २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. आपला देह पुरावा अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दत्तक मुलाच्या हक्कास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, असे चरित्रकार सांगतात.

येथे विरुद्ध पक्षाचे एक म्हणणे आम्हांस मान्य केले पाहिजे. संघटित धर्म केवळ दक्षिणा घेत नाही. तो काही देतोही. मयताच्या दारी न बोलावता चार खांदेकरी येतात, तेरा दिवस माणसांची ये-जा राहते, शेजारून पिठले-भात येतो. एकट्याने देव शोधणाऱ्यास ही सोय आयती मिळत नाही. सावित्रीबाई सर्वांच्या घरी नसतात. पुष्कळांची वैयक्तिक श्रद्धा जन्मभर टिकते आणि शेवटच्या दिवशी मुलांच्या भीतीने गुरुजींच्या स्वाधीन होते, ती याच कारणाने. २०११ च्या खानेसुमारीत धर्म न सांगितलेल्यांची संख्या २८ लाख ६७ हजारांवर गेली, हा आकडा काही सुधारक अभिमानाने दाखवितात. त्यांत ईश्वरनिष्ठ किती, नास्तिक किती, आणि गणकाच्या आळसाने मोकळे राहिलेले रकाने किती, हे त्या आकड्यावरून कोणास सांगता येईल?

म्हणून ज्यांनी असा देव आपल्यापुरता शोधला आहे त्यांस आमची सूचना अगदी साधी आहे. आपल्यामागे कोणते विधी व्हावेत व कोणते होऊ नयेत हे धडधाकट असतानाच लिहून ठेवावे, आणि ते पत्नीस व मुलांस वाचून दाखवावे. पेटीत ठेवलेला कागद तेराव्यानंतर सापडतो. घरात कार्य निघावयाचे असल्यास मुलांशी आधी मोकळेपणाने बोलावे. १९५४ च्या कायद्याने होणाऱ्या विवाहाची नोटीस तीस दिवस अगोदर कचेरीत लावली जाते. मुलीच्या मामास ती बातमी त्या फळ्यावरून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेली बरी.