कल्पित सूर्य आणि खोडदचें आकाश

संगणकाच्या खेळांत मुलें कल्पित ताऱ्यांच्या सफरीस निघालीं, कीं पुष्कळ पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. आम्हांस हा राग अस्थानीं वाटतो. २०१४ सालच्या ‘एलिट डेंजरस’ या खेळांत सुमारें ४०० अब्ज सूर्यमाला आहेत. बहुतेक गणितानें रचलेल्या, पण कांहीं खऱ्या ताऱ्यांच्या याद्यांवरून घेतलेल्या. कुतूहल तेथें जागें होत असेल, तर खुशाल होऊं द्यावें.

आमची तक्रार निराळी आहे. नारायणगांवाजवळ खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांनीं भरीव पत्र्याऐवजीं तारांची जाळी ताणण्याची युक्ति काढली. त्यामुळें वारा आरपार जातो आणि खर्चही आटोक्यांत राहिला. राष्ट्रीय विज्ञानदिनीं, २८ फेब्रुवारीस, तेथें लोकांसाठीं दार उघडतें. तरी जुन्नर-आंबेगांवांतील जीं मुलें खेळांतले सूर्य नांवानिशीं सांगतात, त्यांपैकीं कितींकांस वडिलांनीं तेथवर नेलें आहे?

२०१९ सालीं एका खऱ्या ताऱ्यास भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ आणि त्याच्या ग्रहास ‘संतमस’ असें नांव मिळालें. ग्रहाचें नांव सुचविणारा पुण्याचा १३ वर्षांचा विद्यार्थी होता.