टेम्पो म्हणजे गोदाम नव्हे!

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या तिजारतीत उधारी, मंदी आणि ओल या तिन्हींची धास्ती आपण सर्वच बाळगतो. परंतु तानसा परिसरात राहून शहापूर-मुरबाडचे बाजार करणाऱ्यांचा आणखी एक दुश्मन आहे. त्याने केलेले नुकसान कोणी वहीत मांडत नाही. हा दुश्मन म्हणजे उभ्या गाडीत शिरणारा उंदीर.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्यावरच हा प्रसंग आला. भिवंडीहून आणलेला माल रात्रीच टेम्पोत भरून ठेवला, पहाटे निघावे म्हणून. परतीचा पाऊस लागला आणि गाडी दोन दिवस अंगणातच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर इंजिन मुके. बॉनेट उघडले तेव्हा माझ्याच ताग्यांच्या चिंध्यांचे घरटे इंजिनाच्या कडेला बांधलेले, आणि वायरिंग ठिकठिकाणी कुरतडलेली! दोन गठ्ठे आरपार फुकट गेले. मेकॅनिक, सुटे भाग हा खर्च सोसता येतो. पण सणाचा बाजार हुकला तो हुकलाच. वर्षानुवर्षे माझ्या पालावर येणारी गिऱ्हाइके त्या दिवशी दुसऱ्याकडे गेली, त्यांतली काही अजून परतली नाहीत.

विमा आहे, असे कोणी म्हणेल. मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड वगळलेला असतो. उंदराने तोडलेली तार त्यात बसते की अपघाती नुकसानीत, यावर वाद घालत बसावे लागते. हप्ता भरण्यापूर्वीच एजंटला हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

आपल्याच भागात हा त्रास इतका का, याचे उत्तर आपल्या शेतात आहे. हा भाताचा मुलूख. पावसाळ्यात खाचरे भरली की बांधातली बिळे बुडतात आणि उंदीर उंचवट्याकडे, म्हणजे घराकडे सरकतात. पुढे कापणी झाली की शेतातला दाणा संपतो, खळ्यावरचा आणि घरातला वाढतो. अंगणात पेंढ्याची उडवी, तिला खेटून टेम्पो, आणि टेम्पोत ऊबदार इंजिन व मऊ कापड. याहून चांगले बिऱ्हाड त्याला कोठे मिळणार? उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. पोट भरलेले असले तरी तो तार सोडत नाही. लहान उंदराला शिरायला जेमतेम 6 मिलिमीटरची फट पुरते. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत तारा आणि सेन्सर फार. जुन्या गाडीची एक तार चिकटपट्टीने जोडून आपण घरी येत असू, ते दिवस आता गेले.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. आपण कापडवाले तर प्रथम डांबरगोळी काढतो. कसरीसाठी ती ठीक आहे, पण उंदीर तिला फारसा जुमानत नाही. बंद केबिनमध्ये तिचा वास उंदराआधी ड्रायव्हरला बाधतो. तंबाखूची पाने, फिनेल, बाजारातले फवारे यांचा असर चार दिवस. विष तर गाडीत कधीच ठेवू नये. उंदीर डॅशबोर्डच्या आत जाऊन मरतो आणि पंधरा दिवस गाडीत बसवत नाही. शिवाय तानसा अभयारण्य आपल्या दाराशी आहे. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर तेही मरते, आणि उंदीर खाणारेच कमी होतात. धामण दिसली की काठी उचलणारे आपल्यात खूप आहेत. ती बिनविषारी आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, आणि एकटी धामण आपल्या दहा पिंजऱ्यांचे काम करते असे मी तरी समजतो.

माझे मत असे की दोष उंदराचा कमी आणि आपला अधिक. आपण टेम्पोचे गोदाम केले आहे. उरलेला माल उतरवण्याचा कंटाळा, म्हणून ताडपत्री ओढून मोकळे. केबिनमध्ये वडापावचे कागद आणि शेंगांची टरफले. हौद्याच्या कोपऱ्यात चिंध्या. आता मी बाजारातून आलो की कितीही रात्र होवो, माल उतरवतो आणि हौदा झाडूनच घरात जातो. गाडी उडवीपासून आणि भिंतीपासून लांब, मोकळ्यावर उभी करतो. रात्री बॉनेट थोडे उघडे ठेवले की आत अंधार आणि ऊब राहत नाही. धंदा नसला तरी एक दिवसाआड गाडी सुरू करून जागा बदलतो. केबिनमध्ये हवा जिथून जाते तिथे बारीक लोखंडी जाळी मेकॅनिककडूनच बसवून घेतली, म्हणजे इंजिनाची हवा अडत नाही. पिंजरा लावायचा तर भिंतीच्या कडेने लावावा, उंदीर कडेनेच धावतो. आमिष सुक्या बोंबलाचे. बांधावरची वाहती बिळे ओळखायची असतील तर गावातल्या कातकरी माणसाला योग्य मजुरी देऊन विचारावे. ती नजर आपल्यापाशी नाही.

घरटे सापडले तर हाताने उचलू नये आणि कोरडे झाडू नये. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, हातमोजे घालून काढावे. 2005 च्या जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसे गेली, तो आजार उंदराच्या लघवीतून पसरतो. आणि 1994 चा सप्टेंबर कापडवाल्याने कसा विसरावा? सुरतेत प्लेगची बातमी फुटली, लाखो माणसे शहर सोडून गेली, कापड बाजार ओस पडला.

एक गोष्ट मात्र एकट्याने होण्यासारखी नाही. बाजार उठल्यावर बाजारतळावर सडकी भाजी, मासळीचा कचरा आणि सांडलेले धान्य तसेच पडते, आणि त्यालाच लागून आपल्या गाड्या उभ्या असतात. ग्रामपंचायतीची वाट पाहत बसण्यापेक्षा प्रत्येक पालवाल्याने बाजारागणिक दहा रुपये काढले तर एक झाडूवाला ठेवता येईल. येत्या बाजाराला मी वर्गणीची वही घेऊन फिरणार आहे. दहाचे पाच करा म्हणून कोणी घासाघीस करू नये.