माथेरान? हो, पण खालून!

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला दस्तुरी नाक्याच्या घाटात कधी अडकलायत? मुंगीच्या चालीने सरकणारी गाड्यांची रांग, क्लच जळाल्याचा वास, मागच्या सीटवर उलटीच्या तयारीत असलेला कुणाचा तरी चिंटू आणि 'पार्किंग मिळणार का?' या टेन्शनमध्ये त्याचे बाबा. पुढचे दोन दिवस मग ठरलेले. घोडा, इको पॉइंट, भाजलेलं कणीस, चिक्कीचे चार डबे, घरच्यांसाठी चपला. रविवारी रात्री स्टेटस टाकायचं, 'माथेरान डन!'

डन कसलं डोंबलाचं! अर्धं माथेरान तर तुम्ही गाडीच्या काचेतून मागे टाकून आलात.

माझा फंडा एकदम सिंपल आहे. माथेरान हे नुसतं 'जाण्याचं' गाव नाही, चढून जाण्याचं गाव आहे. 'वर एकही गाडी येत नाही, किती छान ना!' असं आपण कौतुकाने म्हणतो. पण त्या गावाच्या उंबरठ्याला बंपर लागेपर्यंत स्वतः गाडीतून उतरायला तयार नसतो. आता जरा नकाशा बघा. माथेरानचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा उभा आहे. पूर्वेला उल्हास नदीचं खोरं आणि नेरळ-भिवपुरी-कर्जतची रेल्वे, दक्षिणेला चौक, पश्चिमेला पनवेलची बाजू. त्यामुळे त्याच्या चारही अंगांना गावं आहेत, वाड्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक वाडीतून वर जाणारी एक पायवाट आहे. गाडीरस्ता मात्र एकच, नेरळचा. आणि आपण सगळे नेमके त्याच एका रस्त्यावर हॉर्न वाजवत उभे!

साहेब चढला, साहेब विसरला

माथेरानचा 'शोध' १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने लावला, असं आपण वाचतो. शोध म्हणजे काय, तर चौकला मुक्काम असताना साहेबाला समोरचा डोंगर आवडला आणि तो चालत वर गेला. वाट आधीपासून होतीच. साहेबाला वरची हवा मानवली आणि बंगले उभे राहिले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. सुमारे २१ किलोमीटरचा तो वळणावळणाचा रूळ म्हणजे इंजिनीअरिंगची कमालच. पण त्या दिवसापासून पायवाटा मागच्या दारासारख्या झाल्या. पाहुणे पुढच्या दाराने, कामाची माणसं मागच्या दाराने.

या मागच्या दारांनी वेगळा इतिहासही पाहिलाय. भाई कोतवाल हे माथेरानचेच, जन्म १९१२चा. शिकून वकील झालेला हा माणूस बेचाळीसच्या चळवळीत 'आझाद दस्ता' घेऊन या डोंगररानात उतरला. मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे त्यांनी पाडले. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. बाजारातून चिक्की घेऊन परतताना हे नाव दिसलं, तर दोन मिनिटं थांबा.

चढायचं कुठून?

नेरळची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीसेक मीटर, माथेरानची साधारण ८००. म्हणजे ऑफिसच्या भाषेत बोलायचं तर अडीचशे मजले, लिफ्ट बंद! घाबरू नका, तीनेक तासांत होतात.

पहिल्यांदाच जाणार असाल तर गारबेट. कर्जत लोकल पकडायची आणि भिवपुरी रोडला उतरायचं. (पुणेकरांनी कर्जतला उतरून लोकलने एक स्टेशन मागे यायचं.) डिकसळवरून वाट निघते, मध्ये सागाची वाडी लागते आणि मग एकदम मोकळं पठार. पावसाळा सरता सरता इथे गवत गुडघ्यापर्यंत येतं. खाली पाली-भूतिवली धरणाचं पाणी चकाकत असतं आणि पलीकडे सह्याद्रीची भिंत आडवी पसरलेली. शेवटचा चढ दमवतो. पण गारबेट पॉइंटला डोकं वर काढलं की जांभळीच्या सावलीतली तांबडी वाट सुरू होते. या मातीचा रंग एवढा पक्का की पांढरे शूज घालून येणाऱ्यांनी ते परत पांढरे दिसण्याची आशा सोडावी. इथून चालत दस्तुरी नाका गाठायचा, तिथून शेअर टॅक्सीने नेरळ. एका दिवसात आटोपशीर.

दुसरी वाट पनवेलच्या बाजूची. दोधाणी गावातून चढायचं आणि सनसेट पॉइंटला निघायचं. हिची मजा म्हणजे प्रबळगड आणि कलावंतीणीचा सुळका चढताना सतत पाठीशी असतात. दम लागला की 'फोटो काढतोय' म्हणून मागे वळायचं, सोबतच्यांना कळतही नाही! मुक्काम करणार असाल तर ही वाट घ्या. दुपारी उशिरा वर पोचायचं, सूर्य प्रबळच्या मागे गेलेला बघायचा आणि बॅटरीच्या उजेडात बाजाराकडे निघायचं.

तिसरी वाट चौकच्या बाजूची. वन ट्री हिलच्या खिंडीतून वर जाणाऱ्या या वाटेला 'शिवाजीची शिडी' म्हणतात. नाव शिडीचं असलं तरी इथे चढायचंय ते दगड-मुळांच्या घळीतून. पावसात हिच्या नादाला लागू नका. वर चढून रामबाग पॉइंटने उतरलात तर मस्त वर्तुळ होतं. वर शार्लोट तलावावर टेका, पण पाण्यात उतरायचं नाही. गाव ते पाणी पितं.

नेरळहून पेब म्हणजे विकटगडही करतात. तिथे शिड्या आहेत, अरुंद जागा आहेत, सोबत जाणता माणूस हवा. आणि पूर्वी नेरळची गाडी बंद असताना रुळांवरून चालत माथेरान गाठायची फॅशन होती, ती आता विसरा. २०१९च्या पावसात खचलेला तो मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालाय. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवतात, तरी रूळ ही पायवाट नव्हे.

वाट कुणाची?

दोधाणीच्या वाटेवर एकदा आम्ही पाच जण निघालो होतो. प्रत्येकाच्या पाठीवर ब्रँडेड सॅक, हातात काठ्या, पायात भारी शूज. पहिल्याच टप्प्यात आमची वरात धापा टाकत बसली. मागून पन्नाशीचे एक काका आले. खांद्यावर भरलेलं पोतं, पायात साधी रबरी चप्पल. मी विचारलं, "काका, वर पोचायला किती वेळ लागेल?"

त्यांनी आमच्या शूजकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलेकडे. "कुणाच्या पायांनी?"

आणि गेलेसुद्धा. हसून हसून आमचा उरलासुरला दम संपला. नंतर वर बाजारात ते पुन्हा दिसले, पोतं एका हॉटेलच्या मागच्या दारी उतरवत होते. आम्ही ज्याला ट्रेक म्हणत होतो, तो त्यांचा कामावर जायचा रस्ता होता. तुमची आठ-बाराची फास्ट, तशी त्यांची ही वाट.

खालून चढल्यावर कळतं ते हे. माथेरान वरून दिसतं तेवढंच नाही. वरच्या हॉटेलात सकाळी चहा मिळतो, बेडशीट बदलली जाते, ताटात भाजी येते, यामागे उतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांमधले कितीतरी पाय आहेत. सुट्टीच्या गावाला लागणारं बरंचसं पाठीवरून वर जातं.

आणि फक्त सामानच नाही, माणसंही. माथेरानच्या हातरिक्षा तुम्ही पाहिल्या असतील. चढावर एक पुढून ओढतो, बाकीचे मागून ढकलतात. ९४ परवाने होते या रिक्षांचे. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत थांबवा. ई-रिक्षा चालवायला आधी याच चालकांना द्या, असंही बजावलं. 'ई-रिक्षा आल्या की गाड्याही येणार, माथेरानची मजा जाणार' असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो, मजा कुणाची आणि पाठ कुणाची? वाहनमुक्त गावाची शान राखायची ना? मग पंचविशी-तिशीतल्या धडधाकट माणसांनी चालावं. शाळेतली पोरं, आजीआजोबा आणि पेशंट ई-रिक्षाने जाऊ देत.

इर्शाळवाडी

वन ट्री हिलवरून चौकच्या बाजूला पाहिलं की टोकदार इर्शाळगड दिसतो. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी होती. गडावर जाणाऱ्या ट्रेकर्सचा हा हक्काचा थांबा. ओसरीवर सॅक टेकवायच्या, चहा प्यायचा, 'वाट कुठून?' विचारायचं आणि पुढे जायचं. १९ जुलै २०२३च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे त्याच पायवाटेने, अंधारात, चिखलातून चालत वर गेले. मोठी यंत्रं वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली.

ज्या वाटेला आपण 'अनटच्ड', 'ऑफबीट' म्हणतो, तिचा दुसरा अर्थ त्या रात्री समजला. आपल्याला रस्ता नसणं आवडतं, कारण रविवारी संध्याकाळी आपण लोकलने घरी जातो. तिथे राहणाऱ्यांना रस्ता नसणं म्हणजे बाळंतिणीला डोलीतून उतरवणं, साप चावलेल्याला पाठुंगळीला मारून धावणं. म्हणून एखाद्या वाडीने रस्ता मागितला की 'आता ट्रेकची वाट लागणार' असं निदान त्यांच्या ओसरीवर बसून तरी बोलू नये.

मग जायचं की नाही? जायचंच. ट्रेकरच्या चार पैशांचा वाडीला आधार असतो. फक्त जाण्याची रीत हवी.

एवढं पाळा

● हंगाम: ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. जून-जुलैत हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अॅलर्ट असेल तर प्लॅन कॅन्सल. धबधब्यांवर प्रशासनाची बंदी असेल तर ती तुमच्यासाठीच आहे. तुमच्या हट्टापायी दरीत उतरावं लागतं ते गावच्याच पोरांना.

● वेळ: पहाटेची लोकल पकडा. अकराच्या आत चढ संपवा, कोकणाकडचं ऊन दयामाया दाखवत नाही. उतरताना अंधार नको.

● माणूस: नवखे असाल तर पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्या आणि पैसे आधी ठरवा. पिझ्झाला जेवढे मोजता, तेवढ्यात घासाघीस नको.

● जेवण: सॅकभर वेफर्स नेऊ नका. वाडीत आदल्या दिवशी निरोप दिलात तर भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळतो. लिंबू सरबत तर वाटेतच. सुट्टे पैसे ठेवा, डोंगरात रेंजचा भरवसा नाही आणि रेंज नसेल तर तुमचं पेमेंट अॅपही मुकंच.

● पाणी: माणशी तीन लिटर. उन्हाळ्यात वाडीच्या विहिरीवर बाटल्या भरायला रांग लावू नका, तिथे हंड्यांची रांग आधीच असते.

● कचरा: नेलेलं सगळं परत आणा. हा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. सरकारी कागद बाजूला ठेवा. शेकरू वेफर्सच्या पाकिटात नाक खुपसून बसलेलं बघायचंय का?

● फोटो: अंगणात भांडी घासणारी बाई म्हणजे 'रस्टिक फ्रेम' नव्हे. आधी विचारा. "मावशी, काढू का फोटो?" एवढंच. नाही म्हणाल्या तर नाही.

बस्स. यात काही अवघड नाही. या महिन्यातला एक शनिवार बाजूला काढा. बॉसला सांगा, फोन लागणार नाही. बऱ्याच वळणांवर ते खरंही असेल. गँगमधल्या त्या एका 'मी गाडी काढतो ना'वाल्याला प्रेमाने गप्प करा आणि भिवपुरीची तिकिटं काढा. वर पोचल्यावर चिक्की जरूर घ्या, या वेळी ती कमावलेली असेल. सोमवारी ऑफिसच्या जिन्यात पोटऱ्या बोलतील. बोलू द्या, आणि चहाच्या सुट्टीत पुढच्या वेळी दोधाणी की रामबाग, यावर वाद घाला.