घोड्याला वैरण कोण घालतं?

जव्हारच्या जयविलास राजवाड्याचा विषय निघाला की आमच्या पालघर जिल्ह्यात सगळ्यांची गाडी पर्यटनावर येऊन थांबते. रंग द्या, दिवे लावा, महोत्सव भरवा. मुकणे घराण्याचं संस्थान 1343 ते 1948 नांदलं, आणि त्याच्या राजवाड्यासाठी आपल्याला तिकीटखिडकीपलीकडे काही सुचू नये?

माझा पुतण्या फ्रान्समध्ये लिमोजला शिकतो. तिथून जवळच पाँपादूर नावाचं खेडेवजा गाव आहे. गावात बुरुजांचा जुना वाडा. राजा पंधराव्या लुईने 1745 मध्ये तो आपल्या मर्जीतल्या बाईंना दिला, मादाम द पाँपादूर त्या याच. बाईंनी गावाचं नाव लावलं, मुक्काम मात्र व्हर्सायला ठेवला. 1761 मध्ये राजाने तिथे घोड्यांची पैदास सुरू केली आणि गावाचं नशीब फिरलं. अँग्लो-अरब घोड्यासाठी पाँपादूर आजही ओळखलं जातं. पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, गेलो होतो वाडा बघायला, पण इथे जो तो घोड्यांचंच बोलतो." बोलणारच. वाड्याला कधीमधी रंग लागतो. घोडीला रोज वैरण लागते, नाल ठोकणारा लागतो, ती व्यायला आली की रात्र जागणारा लागतो. त्यातून गावाला काम मिळतं.

आपल्याकडेही हे घडलंय. पुण्यात पूनावालांच्या शर्यतीच्या घोड्यांतले म्हातारे घोडे लस-सीरमसाठी हाफकिन संस्थेला जात. त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली.

तरी घोडा म्हटलं की आपल्याला आठवतो तो चौकातला पुतळा, नाहीतर वरातीतला डीजेपुढे बिचकणारा. आमच्या शेजारी केळव्याच्या चौपाटीवर रविवारी पोरं घोड्यावर बसतात, फोटो निघतो, संपलं. मराठ्यांच्या फौजेतला भीमथडी घोडा मात्र कुणाला बघायचा असेल, तर त्याने धनगरांचा वाडा गाठावा. भीमेच्या खोऱ्यातली ही जात. अंगाने लहान, डोंगरात काटक, मिळेल त्यावर भागवणारी. जानेवारी 2024 मध्ये तिची देशातल्या घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. इंग्रजी अमलात लष्कराला तिची गरज उरली नाही, ती टिकली धनगरांच्या ओझ्याखाली.

भात कापून झालं की मेंढरं घेऊन घाट उतरलेले धनगर मनोर-विक्रमगडच्या बाजूला दिसतात. शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला सांगतो. लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे. मी वाडीवाला माणूस, पानवेलीला खत घालून हात झिजलेले, म्हणून माझी नजर आधी लेंड्यांकडेच जाते. पण एकदा रस्त्याकडेला थांबून मी त्यांची घोडी नीट पाहिली. पाठीवर उलटी बाज, तिच्या पायांच्या मधल्या जागेत भांडी आणि गोधड्या, एका बाजूला डालग्यात कोंबड्या, दुसऱ्या बाजूला आदल्या रात्रीचं कोकरू, आणि सगळ्याच्या वर लुगड्याने बांधलेलं दीड वर्षाचं पोर, गाढ झोपलेलं. पाठोपाठ शिंगरू. ट्रक कर्णा वाजवत गेला, घोडीचा नुसता कान हलला. ती भीमथडीच होती असं मी छातीठोक सांगणार नाही. पण जात टिकली ती अशाच बिऱ्हाडांच्या पाठीवर.

आता तिथेही पिकअप आलीय. त्यात मी धनगराला दोष देणार नाही. चराईची रानं आक्रसली, महामार्ग रुंद झाले, घोड्याला पोटशूळ उठला तर डॉक्टर मिळत नाही. परंपरेसाठी तोट्यात घोडा पाळ, हे घरी पंख्याखाली बसून कोण कुणाला सांगणार?

म्हणून माझं म्हणणं आहे की महोत्सवाच्या मंडपाला घालायचा पैसा आधी इकडे वळवा. भीमथडीची चांगली घोडी आणि नर ठेवणाऱ्याला दर वर्षी ठरलेली रक्कम द्या, शिंगरू झालं की वेगळी. जव्हारच्या माळावर पैदाशीसाठी चार नर ठेवा. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जिथे थांबले असं सांगतात ते शिरपामाळ जवळच आहे. तिथे खऱ्या घोड्यांना चरायला जागा दिली तर बिघडलं कुठे? आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर पशुसंवर्धन खात्याने दिवाळीनंतर निदान लसी घेऊन घोड्याचा डॉक्टर धनगरांच्या वाड्यांवर पाठवावा. ते कुठे उतरलेत, हे मेंढरं बसवणारा कुठलाही शेतकरी सांगेल.