फावल्या वेळचे उद्योग : सहा फुटांचा एक इंच

विमानांच्या प्रतिकृती जोडणें हा निव्वळ पोरखेळ होय, असा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा समज असेल. गेल्या दिवाळीपर्यंत आमचाहि समज याहून निराळा नव्हता. तो कसा पालटला, तें या खेपेस सांगावयाचें आहे.

आमच्या दिवाणखान्यांत तीर्थरूपांचा एक जुना फोटो आहे. दुसऱ्या महायुद्धांत ते हवाई दलांत फिटर होते. १९४५ सालीं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका स्पिटफायर विमानाच्या पंखाला टेकून त्यांनीं तो काढवून घेतला. त्या दिवसांविषयीं ते घरांत फारसें कधीं बोलले नाहींत. आमच्या बारा वर्षांच्या नातवानें हट्ट धरला, "आजोबा, पणजोबांचें विमान आपण करूं या." मातोश्रींचें वय ब्याण्णव, दृष्टि जवळजवळ गेलेली. विमान पुरें करून पणजीच्या हातीं द्यावयाचें, असा त्याचा बेत होता.

आम्हीं प्लास्टिकचा संच निवडला तो एकास बहात्तर या प्रमाणाचा. या प्रमाणांत प्रत्यक्षांतले सहा फूट म्हणजे प्रतिकृतींतला एक इंच. स्पिटफायरचा पंखविस्तार सामान्यतः ३६ फूट १० इंच. तेव्हां सारें विमान सहा इंचांहून थोडें अधिक भरतें. परंतु डब्यावर 'स्पिटफायर' एवढेंच वाचून भागत नाहीं. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत लढलेल्या नमुन्यांच्या पंख्याला तीन पातीं असत. आमच्या फोटोंत चार मोजतां येत होतीं. म्हणून आठव्या नमुन्याचा संच मागविला.

घर बांधतांना रंग शेवटीं देतात. येथें आरंभ रंगानेंच होतो. वैमानिकाची बैठक एकदां आंत बंद झाली कीं तेथें ब्रश पोंचत नाहीं. तेथल्या बारीक नळ्या आम्हीं घरींच केल्या. सुटे भाग ज्या चौकटीला लागून येतात तिची काडी मेणबत्तीवर धरून मऊ करावी व ज्योतीपासून दूर नेऊन दोन्हीं टोंकें हळूच ओढावीं. केसासारखी तार निघते. हें काम मात्र वडील माणसानें जवळ बसून करवावें.

या कामाचा डिंक कागदाच्या डिंकासारखा नुसता चिकटत नाहीं. तो प्लास्टिक विरघळवून दोन कडा एकजीव करतो. म्हणून तो ब्रशाच्या टोंकानें, अगदीं बेतानें लावावा. पंख जोडण्यापूर्वीं आणखी एक हिशेब करावा. पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड राहिली, तर खऱ्या विमानांत ती बहात्तर मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच झाली! पंखाचे दोन्ही अर्ध आंतल्या बाजूनें पॉलिश कागदावर घासून पातळ करावे. दोन्ही पंख मुळापासून टोंकाकडे सुमारें सहा अंश वर चढते हवेत. त्या कोनाचा पुठ्ठा कापून खालीं ठेवला म्हणजे डिंक वाळेपर्यंत ते ढळत नाहींत.

येथपर्यंत ठीक चाललें. मग एके रात्रीं आम्ही निजल्यावर चिरंजीवांनीं घाईनें पारदर्शक छत बसविलें, आणि तेंहि झटपट वाळणाऱ्या गोंदानें. त्या गोंदाच्या वाफेनें कांचेसारखें छत सकाळीं दुधाळ झालें होतें. आम्हीं रागावलों, तो कांहीं न बोलतां परसांत जाऊन बसला. सायंकाळीं छत हलक्या हातानें सोडविलें आणि मऊ फडक्यावर टूथपेस्ट घेऊन दोघांनीं तासभर घासलें, तेव्हां तें पुष्कळसें निवळलें. मग साध्या फेव्हिकॉलनें बसविलें. तो वाळल्यावर दिसत नाहीं.

शेवटीं पंखांवरील चिन्हें राहिलीं. संचांतल्या वर्तुळांच्या मध्यभागीं लाल ठिपका होता. नातू फोटो घेऊन आला, "आजोबा, येथला ठिपका पांढरा कां?" आम्हीं म्हटलें, "जुना फोटो, विटला असेल." तो म्हणाला, "मग बाहेरचें वर्तुळ कसें विटलें नाहीं?" आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. ग्रंथ पाहिले तेव्हां उलगडा झाला. जपानी विमानांवर लाल गोल असे. गफलतीनें आपल्याच विमानावर गोळी झाडली जाऊं नये, म्हणून या आघाडीवर चिन्हांतील लाल रंग काढून टाकण्यांत आला होता. फोटो खरा होता. चुकलों होतों आम्ही. गडद निळीं वर्तुळें व त्यांतील फिकट ठिपके नातवानें हातानें रंगविले.

विमान मातोश्रींच्या हातीं दिलें. त्यांनीं बोटांनीं पंख चाचपले, पात्या मोजल्या. मग विचारलें, "हे कोठें उभे होते रे?" नातवानें त्यांचें बोट धरून पंखाच्या कडेवर ठेविलें. "येथें, पणजी."

"आणि ह्यांची उंची या मानानें केवढी?"

तीर्थरूप साडेपांच फूट होते. नातवानें हिशेब केला, "इंचाला थोडी कमी." मातोश्रींनीं अंगठा आणि बोट यांमध्यें तेवढें अंतर धरून पंखाशेजारीं ठेविलें, आणि बराच वेळ तसेंच राहूं दिलें.

वाचकहो, आपल्या घरीं असा एखादा फोटो असेल, तर तो भिंतीवरून उतरवून मुलांच्या हातीं द्या. आपण रोज पाहूनहि जें पाहिलें नाहीं, तें त्यांना दिसेल.