माफीचं पत्र

सचिन आणि बिन्नी बन्सल (आडनाव एक, नातं काही नाही) यांनी २००७ साली बंगळूरच्या कोरमंगलातल्या एका फ्लॅटमधून ‘फ्लिपकार्ट’ काढलं, तेव्हा विकायला फक्त पुस्तकं होती. पण न पाहिलेल्या दुकानाला आगाऊ पैसे कोण देणार? २०१० साली ‘माल हाती, मग पैसे’ ही सोय आली आणि गिऱ्हाईक धीट झालं.

६ ऑक्टोबर २०१४ च्या महासेलला मात्र फजिती झाली. वेबसाइट कोलमडली, मागण्या रद्द झाल्या. काही वस्तूंचे भाव तर सेलआधी चढवलेले दिसले! दहा तासांत सहाशे कोटींची विक्री झाली होती, फुशारकीला तेवढी पुरे होती. पण दुसऱ्याच दिवशी दोघांनी गिऱ्हाइकांना माफीचं पत्र धाडलं. त्यात भावांच्या घोळाची कबुलीही होती.