उंदराची महाधमनी, माणसाचा पाय

मधुमेहात पाय गमावलेल्या माणसाच्या घरी जा आणि विचारा, पहिली जखम दिसल्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंतचे महिने कशात गेले. जांभळाच्या बियांची पूड, गुडमारचा अर्क, कुणीतरी गावाकडून आणलेल्या मुळीच्या कॅप्सूल. ही उत्तरं मी अनेक घरांत ऐकली आहेत. डबीवर ठळक अक्षरांत 'संशोधनाने सिद्ध' असं छापलेलं असतं. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. ज्या संशोधनाच्या जिवावर हे छापलं जातं, त्याचे प्रबंध माझ्या टेबलावर येतात. म्हणून स्पष्ट सांगतो: मधुमेहाने खराब झालेल्या रक्तवाहिन्या या अर्कांनी सुधारतात, हे माणसात सिद्ध झालेलं नाही. डबीवरचं ते वाक्य ही फसवणूक आहे.

प्रयोगशाळेत नेमकं काय होतं ते वाचकांना कुणी सांगत नाही. निरोगी तरुण उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. हे रसायन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारतं आणि दोन-तीन दिवसांत उंदराची साखर चढते. मग वनस्पतीचा अर्क काही आठवडे पाजतात, उंदीर मारतात, त्याची महाधमनी काढून तिच्या बारीक चकत्या करतात आणि 37 अंशांच्या क्षारद्रावणात टांगतात. एका रसायनाने चकती आकसवायची, मग ॲसिटिलकोलिन घालून ती किती सैल होते ते मोजायचं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर शाबूत असेल तर ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि चकती सैलावते. अर्क पाजलेल्या उंदराची चकती थोडी जास्त सैलावली की निष्कर्ष तयार: 'मधुमेहातील रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीवर गुणकारी'.

हा प्रयोग वाईट नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष वाईट आहे. आपल्याकडचा नेहमीचा रुग्ण पन्नाशीतला, पोट सुटलेला, रक्तदाब असलेला, दहा वर्षं साखर अंगात मुरलेला. विषाने आठवडाभरात आजारी पाडलेला उंदीर त्याच्यासारखा कसा असेल? शिवाय पुष्कळ प्रयोगांत अर्क साखर चढल्याबरोबर सुरू होतो, काहींत तर त्याआधीच. म्हणजे तपासला जातो प्रतिबंध आणि विकला जातो उपचार. आणि डोस? उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम अर्क देणं अगदी नेहमीचं आहे. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने तो माणसाला लावला तर 60 किलोच्या माणसाला रोज जवळपास 4 ग्रॅम घट्ट अर्क लागेल. डबीतल्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलने तो डोस गाठायला रोज आठ गिळाव्या लागतील. तोही अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क. घरी पाण्यात उकळलेल्या काढ्यात तीच द्रव्यं उतरतात, हे कुणी तपासलं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: पण साखर तर खाली येते ना! येत असेल. 1998 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसाराची, म्हणजे आपल्या बिबळ्याची, चाचणी प्रसिद्ध केली आणि बऱ्याच रुग्णांची साखर उतरलेली दिसली. पण ती खुली चाचणी होती. शेजारी खोटी गोळी घेणारा गट नव्हता. शिवाय साखर उतरणं आणि डोळा, मूत्रपिंड, पाय वाचणं यांत मोठं अंतर आहे. रोझिग्लिटाझोन हे औषध साखर चांगली उतरवत असे. 2007 मध्ये त्याने हृदयविकाराचे झटके वाढतात अशी शंका आकडेवारीने उभी केली आणि 2010 मध्ये भारतात त्यावर बंदी आली. दरम्यान 2008 मध्ये अमेरिकी नियामकाने मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाकडे हृदयाच्या सुरक्षिततेचा हिशेब मागायला सुरुवात केली. मोठमोठ्या कंपन्यांना तो द्यावा लागला. मग कारल्याच्या कॅप्सूलला कसली सूट?

मला वनस्पतींचा द्वेष आहे असं कुणी म्हणू नये. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर चाचणी केली आणि ती ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापली; तीन वर्षांत तिच्यातलं रेसरपिन वेगळं झालं. मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतल्या द्रव्यात आहे. याहून सांगण्यासारखी कथा सफरचंदाच्या झाडाची. त्याच्या मुळाच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन निघालं. ते दिलं की लघवीतून साखर जाते, हे 1886 मध्ये फॉन मेरिंगने दाखवलं. पण फ्लोरिझिन आतड्यात टिकत नव्हतं आणि नको तिथेही काम करत होतं. म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्याचा रेणू बदलला, पुन्हा बदलला, आणि एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधं घडली. 2015 मध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, ज्यांना मधुमेहाबरोबर हृदयरोगही होता अशा माणसांत, हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी घटले. सालीपासून या आकड्यापर्यंत 180 वर्षं लागली. आपण मात्र उंदरापाशी थांबतो आणि तिथून थेट दुकानात जातो.

'गरिबाला ॲलोपॅथी परवडत नाही' ही सबब तर मला सहनच होत नाही. मेटफॉर्मिन ही बाजारातल्या अगदी स्वस्त गोळ्यांपैकी एक आहे. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2025 च्या मार्चमध्ये भारतात संपलं आणि किंमत कोसळली. त्या महागड्या 'नैसर्गिक' डबीशी एकदा तुलना करून पाहा.

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे कुणी ठरवलं? कोविडकाळात घराघरांत गुळवेल उकळली गेली. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. ती नोंद गांभीर्याने घेऊन पुढे तपास करण्याऐवजी आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. सिंगापूरमध्ये 2008 साली पौरुष वाढवणाऱ्या गोळ्यांत, त्यांतल्या काही वनौषधी म्हणून विकलेल्या, मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं सापडलं. साखर एकदम घसरून चौघे दगावले. 'आठ दिवसांत साखर उतरवणाऱ्या' पुडीकडे मी याच संशयाने पाहतो. मधुमेह्याचं मूत्रपिंड आधीच झिजत असतं. अशा माणसाच्या पोटात काय आणि किती गेलं हे न कळणं, हाच मोठा धोका आहे.

कायदा नाही असंही नाही. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्याने मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला मनाई आहे. तरी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पतंजलीकडून जाहीर माफी छापून घ्यावी लागली. मग इतकी वर्षं राज्यांचे परवाना अधिकारी काय करत होते? आयुर्वेदिक औषधाला परवाना देताना नव्या ॲलोपॅथिक औषधासारख्या टप्प्याटप्प्याच्या मानवी चाचण्या मागितल्या जात नाहीत. ही सवलत परंपरेसाठी होती. अल्कोहोलमध्ये काढलेला, कॅप्सूलमध्ये भरलेला अर्क कोणत्या ग्रंथातली परंपरा आहे?

माझा सर्वांत मोठा राग माझ्याच क्षेत्रावर आहे. पदवी हवी म्हणून आणखी एक पान, आणखी एक साल, तेच स्ट्रेप्टोझोटोसिन, तोच आलेख. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकरांनी आयुर्वेदाच्या औषधांना आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहण्याची वाट घालून दिली होती. ती पुढे न्यायची तर विद्यापीठांनी पन्नास प्रबंधांऐवजी एकच चाचणी करावी: अर्कातली द्रव्यं मोजलेली, रुग्ण दोन गटांत चिठ्ठीने वाटलेले, काही वर्षं चाललेली, आणि मोजमाप डोळ्याच्या पडद्याचं, लघवीतल्या अल्ब्युमिनचं, भरलेल्या जखमांचं. निकाल नकारात्मक आला तरी छापावा.

तोवर, घरात मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, लघवीतलं अल्ब्युमिन मोजा, तळपायाची संवेदना नायलॉनच्या धाग्याने तपासायला लावा. सुरू असलेली गोळी अर्कासाठी बंद करू नका. पायाला जखम झाली आणि ती काळवंडू लागली, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा.